कॉर्नियावरील छेदाचे सिम्युलेशन: कोणते काम आधी, कोणते नंतर

नागपुरातील मेकॅनिकल आणि बायोमेडिकल शाखांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे सिम्युलेशन निवडतात. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या हाती एक देखणे रंगीत चित्र येते, पण त्यातून काढलेला आकडा नेत्रतज्ज्ञाच्या उपयोगाचा नसतो. चूक बहुधा सॉल्व्हरमध्ये (समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नसून कामाच्या क्रमात असते: छेद आधी कापला जातो आणि डोळ्याचा ताणरहित आकार नंतर आठवतो, मेश, म्हणजे मॉडेलचे लहान तुकड्यांचे जाळे, आधी तयार होतो आणि उजवा डोळा की डावा हा प्रश्न अहवाल लिहिताना पडतो.

हा लेख एकच शस्त्रक्रिया उदाहरणासाठी घेतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर दृष्टिवैषम्य, म्हणजे रुग्णांच्या भाषेत सिलिंडरचा नंबर, कमी करण्यासाठी कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाच्या, कडेजवळ जे कमानी छेद दिले जातात, त्यांचे हे सिम्युलेशन आहे. लॅसिक (लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया) किंवा कॉर्नियात बसवायच्या कड्यांचे काम करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. त्यांच्यासाठी पाचव्या आणि आठव्या टप्प्यातील तपशील तेवढा बदलतो.

टप्पा १: प्रश्न आणि अचूकता कागदावर लिहा

संगणक सुरू करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाबरोबर अर्धा तास बसा आणि प्रश्न एका वाक्यात लिहून घ्या. ‘कॉर्नियाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘या डोळ्यात सर्वाधिक वक्र अक्षावर समोरासमोर दोन छेद दिले, प्रत्येकाची लांबी ४० अंश आणि खोली तेथील जाडीच्या ८० टक्के ठेवली, तर सिलिंडर किती डायॉप्टरने आणि कोणत्या अक्षावर बदलेल’ हा प्रश्न आहे.

यानंतर अचूकतेचा हिशेब करा, कारण पुढची प्रत्येक सहनमर्यादा त्यावरून ठरणार आहे. चष्म्याचा नंबर ०.२५ डायॉप्टरच्या पायरीने दिला जातो, म्हणून आपल्या उत्तरातील दोष त्याहून लहान असला पाहिजे. केराटोमेट्रीच्या, म्हणजे कॉर्नियाची वक्रता मोजण्याच्या, प्रचलित पद्धतीत ३३७.५ या संख्येला मिलिमीटरमधील त्रिज्येने भागले की डायॉप्टर मिळतात. ७.८ मिलिमीटर त्रिज्येला ४३.२७ आणि ७.७ मिलिमीटरला ४३.८३ डायॉप्टर येतात, म्हणजे त्रिज्येत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला की अर्ध्या डायॉप्टरहून अधिक फरक पडतो. आता हाच फरक उंचीत पाहा. मध्यभागी ३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात ७.८ त्रिज्येच्या पृष्ठभागाची कड शिखरापेक्षा सुमारे १४६ मायक्रॉन खाली असते आणि ७.७ त्रिज्येची १४८ मायक्रॉन. अर्धा डायॉप्टर म्हणजे या वर्तुळात उणेपुरे दोन मायक्रॉन. ज्या पृष्ठभागावर दोन मायक्रॉनची खरखर आहे, त्यावरून काढलेले सिलिंडरचे उत्तर वाचण्यात अर्थ नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

टप्पा २: मापन स्वतः उभे राहून पाहा

धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या नेत्ररुग्णालयातून पेनड्राइव्हवर फाइल आणली आणि कॉर्नियाच्या आकाराचे मोजमाप झाले, असे समजू नका. मापन चालू असताना एकदा तरी तेथे उपस्थित राहा आणि पुढील गोष्टी तपासा.

रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर ती पुरेसे दिवस आधी बंद केलेली असावी. कडक लेन्सला मऊ लेन्सपेक्षा जास्त अवधी लागतो आणि तो नेत्रतज्ज्ञ ठरवतील. झोपेतून उठल्याबरोबर कॉर्निया थोडा सुजलेला आणि जाड असतो, म्हणून अगदी सकाळचे मापन टाळावे आणि वेळ नोंदवून ठेवावी. डोळ्याचा दाब ज्या दिवशी मोजला तोच दिवस आणि शक्यतो तीच वेळ असावी. डोळ्याला स्पर्श होणारे मापन, म्हणजे डोळ्याचा दाब मोजणारा टोनोमीटर किंवा जाडी मोजणारा अल्ट्रासाउंड प्रोब, पृष्ठभागाच्या चित्रानंतरच करावे.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी एक खास सूचना आहे. एप्रिल-मे महिन्यांतली कोरडी हवा आणि त्यात तपासणीच्या खोलीतला कूलर थेट रुग्णाच्या चेहऱ्यावर, अशा स्थितीत अश्रूंचा थर काही सेकंदांत फाटतो आणि उपकरण त्या फाटलेल्या थराचेच मापन देते. कूलरचे तोंड वळवा, रुग्णाला दोन-तीनदा डोळे मिटायला सांगा आणि मग चित्र घ्या. वंगण म्हणून थेंब टाकून लगेच चित्र घेणे हा उपाय नाही, त्यामुळेही पृष्ठभाग बदलतो.

प्रत्येक डोळ्याची किमान तीन चित्रे घ्या.

*तपासणी:* तीन चित्रांतील सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहा. चित्रा-चित्रांतच ०.४ डायॉप्टरचा फरक असेल तर तुमचे सिम्युलेशन कितीही बारीक केले तरी उत्तर त्याहून अचूक होणार नाही. असा डोळा प्रकल्पातून वगळा.

*इशारा:* उपकरणाच्या पडद्यावर दिसणारा उंचीचा नकाशा हा सर्वांत जवळच्या गोलापासूनचा फरक असतो, खरी उंची नव्हे. निर्यात करताना मूळ उंचीची सारणी मागा. फरकाची सारणी खरी उंची समजून मेश केल्यास जवळजवळ सपाट, चुरगळलेल्या पापडासारखा पृष्ठभाग तयार होतो. तो दिसताच चूक कळते हे खरे, पण तोवर रुग्ण घरी गेलेला असतो.

निर्यात केलेल्या फाइलच्या वरच्या ओळींत रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख बहुतेक वेळा असते. रुग्णालयाच्या आवारातच ती काढून टाका, फाइलच्या नावातूनही काढा, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याशिवाय माहिती बाहेर आणू नका.

टप्पा ३: अक्ष, दिशा आणि उजवा-डावा

हा टप्पा एका तासाचा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. नेत्रतज्ज्ञ अक्ष मोजतात तो रुग्णाकडे तोंड करून, पाहणाऱ्याच्या उजव्या हातापासून घड्याळाच्या उलट दिशेने, आणि दोन्ही डोळ्यांसाठी पद्धत एकच असते. त्यामुळे उजव्या डोळ्यात शून्य अंश नाकाच्या बाजूला येतो आणि डाव्या डोळ्यात कानाच्या बाजूला. तुमच्या मॉडेलचा एक्स अक्ष कोणत्या बाजूला जातो, झेड अक्ष डोळ्याच्या आत जातो की बाहेर, आणि शून्यबिंदू कॉर्नियाच्या शिखरावर आहे की बाहुलीच्या मध्यावर, हे एका चित्रासह वहीत काढून ठेवा.

आमच्या एका गटाने डाव्या डोळ्याची सारणी उजव्याच्या साच्यात भरली आणि छेद १५ अंशांऐवजी १६५ अंशांवर पडला. आकडे मात्र इतके पटण्यासारखे आले की दोन आठवडे कोणालाच शंका आली नाही.

आडवे झाल्यावर डोळा स्वतःभोवती काही अंश फिरतो, म्हणून शल्यचिकित्सक रुग्ण बसलेला असतानाच आडव्या अक्षाची खूण करतात. तुमचे मापनही बसलेल्या रुग्णाचे आहे, त्यामुळे मॉडेलमध्ये काही फिरवायची गरज नाही. पण शस्त्रक्रियेत अक्ष काही अंशांनी हुकू शकतो हे दहाव्या टप्प्यात मोजायचे आहे.

टप्पा ४: पृष्ठभाग गुळगुळीत करा, पण शेवटची स्क्रिप्ट आधी लिहा

क्रम उलटा वाटेल, तरी शेवटी पृष्ठभागावरून डायॉप्टर आणि अक्ष काढणारी जी स्क्रिप्ट लागणार आहे ती आत्ताच लिहा. तिला आधी ७.८ मिलिमीटर त्रिज्येचा शुद्ध गोल द्या. उत्तर ४३.२७ आणि सिलिंडर शून्य आले पाहिजे. मग दोन अक्षांवर वेगळ्या त्रिज्या असलेला कृत्रिम पृष्ठभाग ३० अंश फिरवून द्या आणि अक्ष बरोबर ३० येतो का ते पाहा. या दोन चाचण्या उतरल्याशिवाय रुग्णाच्या माहितीला हात लावू नका.

आता मोजलेल्या उंचीवर पुढच्या व मागच्या पृष्ठभागासाठी झर्निके बहुपदी, म्हणजे वर्तुळावरचा पृष्ठभाग सांगणारे गणिती सूत्र, बसवा. आठव्या श्रेणीपर्यंत ४५ पदे होतात आणि सर्वसाधारण डोळ्याला ती पुरतात. श्रेणी वाढवत नेली की अश्रूंच्या थराची खरखरही इमानेइतबारे पृष्ठभागात उतरते. वरच्या पापणीच्या सावलीमुळे जे बिंदू गहाळ असतात त्यांच्या जागी शून्य किंवा एखादा खुणेचा आकडा असतो. बहुपदी बसवण्यापूर्वी ते बिंदू काढून टाका, नाहीतर कॉर्नियाला विहीर पडते.

यातली खरी अडचण कडेला आहे. कॉर्नियाचा आडवा व्यास सुमारे ११.७ मिलिमीटर असतो, उपकरणाची भरवशाची माहिती मात्र साधारण ८ ते ९ मिलिमीटरपर्यंतच मिळते, आणि आपला छेद नेमका तिच्या सीमेवर किंवा पलीकडे पडतो. झर्निके बहुपदी ज्या वर्तुळात बसवली त्याच्या बाहेर ती वाटेल तशी उसळते. तिच्या आधारे कड वाढवू नका. बाहेरच्या पट्ट्यासाठी दोन्ही अक्षांवर वेगळी वक्रता असलेला साधा शंकुछेदी पृष्ठभाग घ्या आणि दोन्ही पृष्ठभाग एक मिलिमीटरच्या पट्ट्यात हळूहळू एकमेकांत मिसळा. जाडी मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन आणि कडेला त्याहून शंभराहून अधिक मायक्रॉनने जास्त असते. जोडलेल्या भागात जाडी बाहेरच्या दिशेने वाढत जाते की नाही ते पाहा.

टप्पा ५: मेशमध्ये छेदाची जागा आधीच राखून ठेवा

संपूर्ण पद्धतीचा कणा हा टप्पा आहे. छेदाचा मेश वेगळा आणि छेदाविनाचा वेगळा असे दोन मेश करू नका. एकच मेश असा करा की त्याच्या एलिमेंटांच्या (तुकड्यांच्या) कडा छेदाच्या पृष्ठावर आधीपासून येतात. त्या पृष्ठावर प्रत्येक बिंदूची जोडी ठेवा आणि ती सध्या बांधलेली असू द्या. आठव्या टप्प्यात ही जोडी सोडली की छेद उघडतो. मेश तोच राहत असल्याने त्याचा स्वतःचा दोष आधीच्या आणि नंतरच्या उत्तरात सारखाच असतो आणि वजाबाकीत बहुतांशी निघून जातो.

छेदाची जागा मोजलेल्या आकारावर आखा, कारण शल्यचिकित्सकही दाब असलेल्या डोळ्यावरच आखतात.

जाडीतून किमान चार-पाच थर घ्या आणि छेदाच्या तळाशी मेश बारीक करा. दाबाने कॉर्नियाचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, म्हणून साधी एलिमेंट वापरल्यास ती अडकून बसतात आणि कॉर्निया खोटाच ताठ दिसतो. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये हायब्रिड आणि एफईबायो या सॉफ्टवेअरमध्ये तीन-क्षेत्रीय सूत्रीकरणाची एलिमेंट निवडावी. पृष्ठभाग कधीही त्रिकोणी तुकड्यांच्या एसटीएल फाइलमधून वाचू नका. अर्धा मिलिमीटर लांबीची सपाट कड खऱ्या वक्र पृष्ठभागापासून मध्यात चार मायक्रॉन दूर असते, आणि आपल्याला एकूण मुभा दोन मायक्रॉनची आहे. बिंदू थेट सूत्रावरून ठेवावेत आणि वक्रता बिंदूंवरूनच काढावी.

*तपासणी:* न कापलेल्या मेशवर चौथ्या टप्प्यातील स्क्रिप्ट चालवा. उपकरणाच्या मूळ उत्तराशी फरक ०.०५ डायॉप्टरच्या आत असावा.

टप्पा ६: एकके, सीमा आणि पदार्थ

मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल ही एकके ठरवून टाका. १५ मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे २ किलोपास्कल, म्हणजे ०.००२ मेगापास्कल. या जागी २ लिहिणारा दर वर्षी एक तरी विद्यार्थी भेटतो, आणि ‘सॉल्व्हर थांबतो, मेश बिघडला असेल’ असे तो सांगतो.

कॉर्निया कडेला घट्ट जखडू नका. छेद कडेजवळ असल्यामुळे तेथील खोटा आधार उत्तर थेट बदलतो. श्वेतपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचा, पुढचा भाग डोळ्याच्या विषुववृत्तापर्यंत मॉडेलमध्ये घ्या आणि आधार तेथे द्या.

पदार्थाच्या बाबतीत विद्यार्थी एखाद्या शोधनिबंधातला पहिला आकडा उचलतात. कॉर्नियाच्या ताठरतेचे प्रकाशित आकडे दहापटींनी वेगळे आहेत, आणि त्याला कारणे आहेत: वक्र कॉर्नियाची पट्टी सरळ करून ओढली की ती मुळातच ताणलेली असते, साठवलेला दान कॉर्निया सुजलेला असतो, आणि वयाबरोबर कॉर्निया ताठ होत जातो. मोतीबिंदूचा रुग्ण साठीचा असेल तर पूर्ण डोळा फुगवून केलेल्या चाचणीतले, त्याच वयोगटाच्या जवळचे आकडे घ्या. मध्यभागी कोलॅजनचे तंतू मुख्यतः आडव्या आणि उभ्या दिशांना असतात आणि कडेला वर्तुळाकार वळतात. छेद कडेला आहे, म्हणून वर्तुळाकार पट्टा गाळून चालणार नाही. तंतूंच्या विखुरलेपणाचा गुणक शून्य ते एक तृतीयांश एवढ्यातच असतो. शून्य म्हणजे सर्व एकाच दिशेने, एक तृतीयांश म्हणजे सर्व दिशांना सारखे.

टप्पा ७: ताणरहित आकार शोधा

उपकरणाने मोजलेला कॉर्निया आधीच दाबाखाली फुगलेला आहे. त्याच आकारावर पुन्हा १५ मिलिमीटरचा दाब लावला तर डोळा दुसऱ्यांदा फुगतो आणि छेद देण्याआधीच नंबर बदलतो. त्यामुळे दाब काढल्यावर कॉर्निया कसा असेल तो आकार आधी शोधावा लागतो.

रीत सोपी आहे. मोजलेल्या आकाराला पहिला अंदाज माना आणि त्यावर दाब लावा. फुगून आलेला आकार मोजलेल्या आकाराशी बिंदूगणिक ताडा. प्रत्येक बिंदूचा जो फरक (मोजलेले स्थान वजा फुगून आलेले स्थान) येईल तो अंदाजातील त्याच बिंदूच्या स्थानात मिळवा आणि नव्या अंदाजावर पुन्हा दाब लावा. फरक अर्ध्या मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत हे करत राहा. साधारणतः पाच ते दहा फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत तंतूंच्या दिशा नव्या आकारावर पुन्हा मांडाव्या लागतात, हे लक्षात ठेवा. छेदाच्या जोड्या या सर्व काळ बांधलेल्याच राहतील.

*तपासणी:* मध्यभागी जाडीतून सरासरी काढलेला ताण हाताने करून पाहा. दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडीची दुप्पट, म्हणजे ०.००२ गुणिले ७.२ भागिले १.०८, उत्तर सुमारे ०.०१३ मेगापास्कल. हा ताण ताठरतेवर फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे तुमचा आकडा याच्या दुप्पट किंवा निम्मा असेल तर पदार्थाच्या गुणकांत शोधत बसू नका. दाब, जाडी किंवा एककांत पाहा.

*इशारा:* प्रत्येक फेरीची फाइल वेगळी जतन करा. मे महिन्यात दुपारी वीज गेली किंवा संगणक तापून बंद पडला तर सातवी फेरी पुन्हा पहिलीपासून करावी लागू नये.

टप्पा ८: छेद उघडा

आता ताणरहित आकारावर जोड्या सोडा आणि तोच दाब शून्यापासून हळूहळू लावा. छेद म्हणजे ऊतक काढून टाकणे नव्हे, म्हणून एलिमेंट पुसून छेद दाखवू नका. एक दशांश मिलिमीटर रुंदीची एलिमेंट पुसली की तेवढे ऊतक डोळ्यातून नाहीसे होते आणि परिणाम भलताच येतो. लॅसिकमध्ये मात्र ऊतक खरोखर काढले जाते. तेथे काढायच्या जाडीचा अंदाज प्रकाशीय क्षेत्राच्या व्यासाचा वर्ग गुणिले डायॉप्टर भागिले तीन असा येतो. ६ मिलिमीटर आणि ३ डायॉप्टरला ३६ मायक्रॉन. उरलेला थर २५० मायक्रॉनपेक्षा कमी होत असेल तर सिम्युलेशन तेथेच थांबवून नेत्रतज्ज्ञाला कळवा.

*तपासणी:* ज्या अक्षावर छेद दिला तो अक्ष सपाट आणि त्याच्या काटकोनातला अक्ष काहीसा अधिक वक्र झाला पाहिजे. उलटे घडले असेल तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा.

टप्पा ९: बदल सदिशांनी काढा

सिलिंडरची साधी वजाबाकी चुकीची असते. समजा आधी १.५० डायॉप्टर ९० अंशांवर होते आणि नंतर १.०० डायॉप्टर ७५ अंशांवर आले. अर्धा डायॉप्टर बदलला असे वाटते. अक्षाचा कोन दुप्पट करून दोन्ही सदिश मांडले आणि वजा केले तर प्रत्यक्ष बदल ०.८१ डायॉप्टर, १९ अंशांवर येतो. अहवालात हीच जोडी द्यावी. आधीचे उत्तर सातव्या टप्प्यातील फुगवलेल्या आकारावरून घ्या, उपकरणाच्या कागदावरून नव्हे.

टप्पा १०: उत्तराची रुंदी काढा आणि शस्त्रक्रियेपूर्वी बंद करा

एकच आकडा नेत्रतज्ज्ञाच्या हाती देऊ नका. दाब तीन मिलिमीटर कमी-जास्त, ताठरता एक तृतीयांशाने कमी-जास्त, छेदाची खोली ५० मायक्रॉन कमी-जास्त आणि अक्ष पाच अंश इकडे-तिकडे, असे एकेक बदलून मॉडेल पुन्हा चालवा. ताठरता बदलली की ताणरहित आकारही पुन्हा शोधावा लागतो. घाईत जुनाच आकार वापरणे ही या टप्प्यातील नेहमीची चूक आहे. एका पानावर सर्वांत संभाव्य उत्तर, त्याची खालची-वरची मर्यादा आणि ती मर्यादा कशामुळे सर्वाधिक रुंदावते, एवढेच लिहा. हे उत्तर छेदाच्या तात्काळ यांत्रिक परिणामाचे आहे, जखम भरून येण्याचा परिणाम यात नाही, हेही त्याच पानावर असावे.

भारतात अशा निर्णयासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातील आकड्यावरून छेदाची लांबी ठरवली जाऊ नये. नेत्रतज्ज्ञ नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया करतील आणि तुमचे उत्तर केवळ नंतर ताडून पाहिले जाईल, असे दोघांनी आधीच लिहून ठरवावे.

त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते पान तारखेसह पाकिटात बंद करून विभागातील तिसऱ्या व्यक्तीकडे द्या. शस्त्रक्रियेत छेदाची लांबी किंवा अक्ष आयत्या वेळी बदलला गेला तर प्रत्यक्ष दिलेल्या छेदाचे आकडे घेऊन मॉडेल पुन्हा चालवा आणि ते उत्तर वेगळ्या पाकिटात ठेवा. तीन महिन्यांनंतरचे चित्र, तेही कूलरचे तोंड वळवून घेतलेले, हाती आल्यावर दोन्ही पाकिटे नेत्रतज्ज्ञासमोर उघडा.